खासगीपणाला खोली लागते

गारखेडा हे मुळात औरंगाबाद शहराबाहेरचे खेडे. चिकलठाणा आणि त्यानंतर वाळूज येथील औद्योगिक वसाहतींमुळे शहर पसरत गेले आणि शेतांच्या जागी गृहनिर्माण संस्था, रो-हाउसेस व चारमजली इमारती आल्या. सूतगिरणी चौक, पुंडलिकनगर, गजानन महाराज मंदिराचा परिसर, विभागीय क्रीडा संकुल, ही या वस्तीची आजची ओळख. शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. वस्तीचे जुनेच राहिले. येथे राहतो तो बहुतांशी नोकरदार. घर कर्जावर घेतलेले, नळाला किती दिवसांआड पाणी येणार यावर आठवड्याची कामे बेतलेली, गुरुवारी मंदिर, रविवारी भाजीबाजार, मे महिन्यात गावाकडे. अशा घरांतील काही पुरुष समलिंगी आहेत. रीतसर लग्न करून, मुलांची शिकवणी आणि आईची औषधे सांभाळून ते संसार करतात, आणि अधूनमधून पैसे मोजून एखाद्या पुरुषाची सोबत मिळवतात. मोबाइलवरील ॲपने हा व्यवहार सोपा केला, निर्माण केला नाही. त्याची चर्चा मात्र ना घरात होते, ना पक्षाच्या अभ्यासवर्गात.

कार्यकर्त्यांपुढे हा विषय काढला की दोन उत्तरे ठरलेली असतात. एक म्हणजे, ही पाश्चात्त्य वळणाच्या सुखवस्तू लोकांची थेरे आहेत, श्रमिकांच्या पक्षाला त्यांच्याशी काय कर्तव्य? दुसरे अधिक सभ्य आहे. ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, तीत कोणी पडू नये.

पहिले उत्तर महाराष्ट्राच्या स्वतःच्या इतिहासाच्या विस्मरणातून येते. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. वाचक त्यांना पत्रे लिहून हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा विषयांवर प्रश्न विचारीत आणि कर्वे त्यांना आडपडदा न ठेवता उत्तरे देत. त्या उत्तरांबद्दलच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटल्यात हार झाली, कर्व्यांना दंड भरावा लागला. हा सगळा पाश्चात्त्य चैनीचा रोग असता, तर नव्वद वर्षांपूर्वी एका लहानशा मराठी मासिकाला हे प्रश्न पाठवणारे वाचक कोण होते? आंबेडकरांनी पुढे १९५० साली ज्या शहरात मिलिंद महाविद्यालय उघडले, त्या शहरातील जयंतीच्या भाषणांत तरी या खटल्याची आठवण निघावयास हवी होती.

दुसऱ्या उत्तराकडे अधिक गांभीर्याने पाहिले पाहिजे, कारण ते सर्वोच्च न्यायालयाच्या भाषेत बोलते. २०१७ साली पुट्टस्वामी प्रकरणात न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने भारतीय दंड संहितेच्या ३७७ व्या कलमातून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. समता आणि प्रतिष्ठा या तत्त्वांचाही त्या निकालाला आधार आहे, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु बंद दाराआड राज्यसंस्थेने डोकावू नये हे मान्य केले, की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. हे दार आहे कोणाकडे?

गारखेड्यातील दोन खोल्यांच्या सदनिकेत पाच माणसे राहतात. बाहेरच्या खोलीत आई झोपते, आतल्या खोलीत दांपत्य, आणि मोठा मुलगा बारावीला असल्याने स्वयंपाकघरातील दिवा रात्री एकपर्यंत चालू. या घरात नवरा-बायकोलाही एकांत नसतो. तेव्हा तो बाहेर शोधावा लागतो, आणि बाहेरचा एकांत विकत मिळतो. लॉजवर आधारकार्ड मागतात. पत्ता याच शहराचा दिसला की खोली नाकारण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. मग कचेरीच्या कामासाठी म्हणून पुण्याला किंवा मुंबईला जाणे आले. पैसे मोबाइलवरून द्यावेत तर खाते संयुक्त, व्यवहाराचा संदेश पत्नीच्या फोनवर जाणार, म्हणून रोख. समोरचा माणूस खरा की ठग, हे भेटल्याखेरीज कळत नाही. या व्यवहारात जी रक्कम दिली जाते तिची फोड केली तर शरीरसुखाचा वाटा त्यात थोडाच निघेल. उरलेले भाडे खोलीचे, प्रवासाचे आणि मौनाचे असते. अर्थशास्त्रात ज्याला जोखमीची किंमत म्हणतात ती येथे वस्तूच्या किमतीहून मोठी आहे, आणि ती जोखीम निसर्गाने घातलेली नसून समाजाने घातलेली आहे. स्वतंत्र घर असणाऱ्याला ती भरावी लागत नाही. ज्याच्याजवळ ती भरण्याइतके पैसेच नाहीत तो बसस्थानकामागे किंवा बागेच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जातो, आणि तेथे त्याला सार्वजनिक असभ्य वर्तनाचे, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे ११० वे कलम भेटते. एकाच कृतीला एका उत्पन्नगटात खासगी आयुष्य म्हणतात आणि दुसऱ्यात गुन्हा.

मौनाची ही बाजारपेठ फार जुनी आहे, हे खुद्द इंग्रजांच्या कायद्यालाच ठाऊक होते. १८६० च्या दंड संहितेत ३८८ आणि ३८९ ही कलमे आरोपाची भीती घालून खंडणी उकळण्यासंबंधी होती. त्यात एरवी शिक्षा दहा वर्षांपर्यंतची. परंतु भीती ३७७ व्या कलमाखालील आरोपाची घातलेली असेल, तर जन्मठेपेपर्यंत. म्हणजे ज्यांनी ते कलम लिहिले त्यांनीच, यावर खंडणीखोर पोसले जाणार, हे ओळखून ठेवले होते. मूळ कलम मात्र त्यांनी काढले नाही, आणि स्वतंत्र भारताने ते आणखी सात दशके वागवले. आज ते उरलेले नाही. खंडणी मात्र उरली आहे. ॲपवर ओळख करून घ्यायची, एकांतात बोलवायचे, चार जणांनी मिळून मारहाण करायची, चित्रफीत काढायची आणि बँकेतील शिल्लक रिकामी करायची, अशा टोळ्यांच्या बातम्या देशातील अनेक शहरांतून येत असतात. पूर्वी धमकी तुरुंगाची होती. आता ती गृहनिर्माण संस्थेच्या व्हॉट्सॲप गटाची आहे. लुबाडला गेलेला माणूस पोलीस चौकीची पायरी चढत नाही, कारण तक्रारीची पहिली ओळच त्याला घरात सांगता येण्याजोगी नसते.

त्यात २०२४ साली एक नवी पोकळी तयार झाली, तिच्याकडे चळवळीचे लक्ष गेलेले दिसत नाही. २०१८ च्या निकालाने ३७७ वे कलम समूळ काढले नव्हते. संमतीविना केलेल्या कृत्यांना ते लागू राहिले होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि ते कलम पूर्णपणे गळाले. नव्या संहितेतील बलात्काराची व्याख्या पूर्वीप्रमाणेच पुरुषाने स्त्रीवर केलेल्या अत्याचारापुरती आहे. परिणामी प्रौढ पुरुषावर पुरुषाने बलात्कार केला तर तो बलात्कार म्हणून नोंदवण्याची सोयच कायद्यात राहिली नाही; मारहाण, डांबून ठेवणे, दुखापत अशा कलमांत तो बसवावा लागतो. गिऱ्हाईक आणि विक्रेता, दोघांच्याही डोक्यावरचे छप्पर त्यामुळे उडाले आहे. विक्रेत्याच्या डोक्यावर तर मुळातच ते फाटके होते.

हा विक्रेता कोण, हा प्रश्न श्रमिकांच्या पक्षाने प्रथम विचारावयास हवा होता. मराठवाड्याच्या कोरडवाहू गावातून आलेला, वाळूजला कंत्राटदाराच्या हाताखाली राबणारा, किंवा स्पर्धा परीक्षेची जाहिरात निघण्याची वाट पाहत कॉट बेसिसवर राहणारा तरुण या व्यवसायात येतो. तो स्वतः समलिंगी असतोच असे नाही. मसाज या गोंडस नावाखाली काम सुरू होते. त्याच्या बेकारीवर आणखी एक धंदा चालतो. ‘कॉल बॉय’ हवेत, दिवसाला हजारो रुपये मिळवा, अशा जाहिराती मोबाइलवर येतात. नोंदणी शुल्क, ओळखपत्राचे शुल्क, वैद्यकीय तपासणीचे शुल्क असे करीत पैसे उकळले जातात, आणि काम कधीच मिळत नाही. फसलेला तरुण तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार? देहविक्रयाची नोकरीसुद्धा ज्यांना खोटी मिळते, अशा तरुणांची पिढी शहराच्या रोजगार कचेरीच्या आकड्यांत कोठेच दिसत नाही.

कायद्याने या तरुणाला श्रमिक म्हणून कधीच ओळखले नाही. ओळखले ते आरोपी म्हणून. १९५६ चा अनैतिक व्यापाराविरुद्धचा कायदा आरंभी स्त्रिया व मुलींपुरता होता. १९८६ च्या दुरुस्तीने त्याचे नाव बदलले, ‘स्त्री’च्या जागी ‘व्यक्ती’ आली आणि पुरुषही त्याच्या कक्षेत आले. संरक्षणाचा हेतू पुढे ठेवून केलेल्या या विस्ताराचा पुरुषांच्या वाट्याला आलेला भाग म्हणजे गिऱ्हाईक शोधल्याबद्दलची अटक. १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, देहविक्रय करणाऱ्यांशी पोलिसांनी सन्मानाने वागावे, त्यांची ओळख प्रसिद्ध होऊ नये, असे निर्देश दिले. ते प्रत्येक चौकीपर्यंत पोहोचवण्याचे काम कोणीतरी संघटनेनेच करावे लागते. महाराष्ट्रात त्याचे उदाहरण आहे. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ ही संस्था काम करते. तिच्या कामातून १९९६ साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली, आणि पुढे पुरुष व तृतीयपंथी देहविक्रेत्यांची ‘मुस्कान’ ही संघटनाही. निरोध वाटण्यापासून सुरू झालेले काम पोलिसांच्या दंडुक्याला जाब विचारण्यापर्यंत गेले, कारण त्या स्त्री-पुरुषांना कोणी उद्धार करण्यायोग्य पतित मानले नाही, सभासद मानले.

आता घरातील तिसऱ्या व्यक्तीविषयी. या प्रश्नावरील सहानुभूतीच्या लेखनात पत्नी बहुधा पडद्याआड राहते, आणि हे लेखन तेथेच लंगडे पडते. गारखेड्यातील त्या घरात पहाटे उठून डबे भरणारी, पाण्याच्या दिवशी टाक्या भरणारी, स्वतःत काहीतरी उणे असावे म्हणून नवरा दूर राहतो अशी समजूत करून घेतलेली स्त्री ही या व्यवहाराची सर्वांत मोठी किंमत मोजत असते, आणि तिला व्यवहाराची वार्ताही नसते. राममनोहर लोहियांनी स्त्री-पुरुष संबंधांबाबत एक कसोटी सांगितली होती. बळजबरी आणि वचनभंग एवढे दोन सोडले तर कोणताही संबंध निंद्य मानू नये. ती येथेही लावून पाहावी. दोन प्रौढ पुरुषांच्या संमतीच्या भेटीत, मग पैसे दिलेले असोत वा नसोत, बळजबरी नाही. पत्नीच्या बाबतीत मात्र वचनभंग उघड आहे. तो नाकारून मुक्तीची भाषा बोलता येणार नाही. तथापि वचनभंगाचा दोष एकट्या नवऱ्यावर टाकून मोकळे होणेही तितकेच सोयीचे आहे. तेविसाव्या वर्षी मुली दाखवण्यास सुरुवात करणारे मामा-काका, ‘लग्न झाले की होईल ठीक’ म्हणणारे वैद्य, हुंड्याच्या याद्या करणारे दोन्हीकडचे वडीलधारे, हे त्या वचनाचे सहीकर्ते आहेत.

त्या स्त्रीला कायदा काय देतो? हिंदू विवाह अधिनियमाच्या १३ व्या कलमात पतीचे गुदमैथुन हे पत्नीला घटस्फोटाचे कारण म्हणून दिलेले आहे. म्हणजे सुटका हवी असेल तर पतीचे कृत्य भर न्यायालयात सिद्ध करा, आणि दोघांचीही शोभा करून घ्या. परस्परसंमतीने वेगळे होण्याचा मार्ग आहे. परंतु वेगळी झालेली स्त्री राहणार कोठे, हा प्रश्न पुन्हा घराच्या भाड्यापाशीच येऊन थांबतो. आरोग्याचा धोका तर रोजचा. एचआयव्हीची तपासणी घाटी रुग्णालयात मोफत होते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती आणि गुप्तता यांची हमी दिली आहे. ही साधी माहितीसुद्धा घरापर्यंत जात नाही, कारण ती घेऊन जाणाऱ्या आरोग्यसेविकेला विवाहित स्त्रीपुढे हा विषय काढण्याची चोरी आहे.

अशा स्थितीत पुरुषांनी पुरुषांसह उघडपणे घर मांडावे, म्हणजे पैसे देऊन एकांत विकत घेण्याची गरजच उरणार नाही, असे कोणी सुचवील. दिशा योग्य आहे. परंतु १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले आणि प्रश्न संसदेकडे ढकलला. २०२४ साली केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने अशा जोडीदारांना संयुक्त बँक खाते काढण्यास आडकाठी नाही, एवढे स्पष्ट केले. खाते निघेल, भाड्याने खोली देताना घरमालक ‘फॅमिली आहे का’ म्हणून विचारतो तेव्हा मात्र बँकेचे पासबुक कामी येत नाही. अविवाहित पुरुष, मुसलमान, दलित, घटस्फोटित स्त्री आणि समलिंगी जोडपी यांना घर नाकारणारा घरमालक एकच असतो. पक्षाने भाडेकरूंच्या प्रश्नावर आजवर ज्या मागण्या केल्या त्यांत ही सर्व माणसे एका रांगेत उभी करण्यास कोणतीही तात्त्विक अडचण नाही.

तातडीची मागणी न्याय संहितेतील पोकळीची आहे. संमतीचा निकष कायम ठेवून, पुरुष व तृतीयपंथी व्यक्तींवरील बलात्काराचा गुन्हा संहितेत स्वतंत्रपणे घातला गेला पाहिजे, आणि १९५६ च्या कायद्यातील, गिऱ्हाईक शोधल्याबद्दल शिक्षा देणारे आठवे कलम गेले पाहिजे. दिल्लीतील काम दिल्लीत होईल. वाळूजच्या कंत्राटी कामगारांची थकलेली मजुरी मिळवून देण्यासाठी जे कार्यकर्ते कामगार आयुक्तांच्या कचेरीत खेपा घालतात, त्यांच्यासमोर एखादा तरुण पगाराचा कागद ठेवून आणखी काही सांगण्यासाठी घुटमळत उभा राहिला, तर त्यांनी खुर्ची पुढे सरकवावी, दार लावून घ्यावे, आणि खंडणीसाठी न्याय संहितेचे कलम ३०८ लागते हे त्याला सांगता येण्याइतकी तयारी ठेवावी.