वस्तरा आपल्या पणजोबांच्या हातात नव्हता

१/
गेल्या काही आठवड्यांपासून दाढीच्या तेलांच्या आणि साबणांच्या जाहिरातींतून एकच दावा निरनिराळ्या रूपांत समोर येतो आहे. सरळ वस्तऱ्याने स्वतःची दाढी करणे ही म्हणे आपल्या पूर्वजांची विस्मृतीत गेलेली मर्दानी कला. मागे तुतारी, पुढे चकाकणारे पाते. इतिहासात रमणारे आपलेच मित्र हे कौतुकाने पुढे पाठवतात. हा थ्रेड त्यांच्यासाठी आहे आणि तो भांडणाचा आहे.

२/
आधी कबुली. या मोहात मीही पडलो. दोन महिन्यांपूर्वी भंगारातून एक जुना वस्तरा घेतला, पात्यावर झोलिंगनचा पुसट शिक्का असलेला. पंचवटीत, रामकुंडाच्या अलीकडे, ज्या काकांकडे मी लहानपणापासून केस कापतो त्यांच्यापुढे तो ठेवला आणि म्हणालो, "काका, शिकवा." काकांनी वस्तरा उघडला, धार अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली आणि मिटून परत दिला. "नुसती चमक आहे बाळा, धार नाही. सोमवारी ये." सोमवारी दुकाने बंद असतात, म्हणून शिकवणी सोमवारची.

३/
पहिले तीन सोमवार दाढीला हातच लावू दिला नाही. आधी सहाण. तिच्यावर पात्याची पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढे करून पाते ओढायचे. मग चामड्याचा पट्टा. तिथे सगळे उलट : पाठ पुढे, धार मागे, आणि शेवटाला आल्यावर पाते पाठीवरून उलटायचे, धारेवरून नव्हे. विसरलात की पट्टा कापला जातो. मी दोनदा कापला. दुसऱ्या वेळी काका काहीच बोलले नाहीत, ते अधिक लागले.

चौथ्या सोमवारी उजवा गाल. पाते कातडीशी साधारण ३० अंशांत, डाव्या हाताने कातडी वर ताणलेली, केसांच्या वळणाने, आणि दाब अजिबात नाही. गाल जमला. जबड्याच्या हाडाशी आलो आणि कोन बिघडला. आरशात हात पुढे न्यायचा की मागे, हेच क्षणभर कळेना. दोन काप, मग तुरटी.

तुरटी लावताना काका जे बोलले, त्यासाठी हा सगळा थ्रेड आहे. "दुसऱ्याची दाढी सोपी असते रे. चाळीस वर्षं लोकांची वस्तऱ्यानं केली. स्वतःची मी ब्लेडनंच करतो."

४/
आता हे वाक्य त्या जाहिरातीशेजारी ठेवून पाहा. आयुष्यभर वस्तरा चालवलेला माणूस स्वतःच्या गालावर तो चालवत नाही. मग ज्यांनी तो कधी हातात धरला नाही त्यांच्या नावावर ही कला कोणी चढवली?

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) चाळा. न्हावी हा गावचा बलुतेदार. धोकटी काखोटीला मारून घरोघर हिंडणारा. त्या धोकटीत वस्तरा, सहाण, चिमटा, नखे काढायची नराणी, वाटी आणि आरसा. मोबदला सुगीच्या धान्यात. संत सेना न्हावी यांनी धंद्याचीच हत्यारे अभंगात रूपक म्हणून योजली. त्यांतही आरसा आहे आणि तो न्हावी गिऱ्हाइकाला दाखवतो. आपले पणजोबा त्या चित्रात आहेत, पण मान वर करून, डोळे मिटून बसलेले.

आणि सोवळ्याच्या घरांत आणखी एक रीत होती. श्मश्रू झाली की आंघोळ केल्यावाचून घरात वावरायचे नाही. ज्याच्या पात्याखाली निर्धास्तपणे गळा दिला, त्याच्याच स्पर्शाचा विटाळ! या व्यवहाराला 'मर्दानी कला' म्हणताना जीभ अडखळत नाही?

५/
थोडे शब्दांविषयी. 'वस्तरा' हा फारसी 'उस्तुरा'चा मराठी अवतार. 'हजामत' अरबीतून आली. तिथे मूळ शब्दाचा संबंध तुंबडी लावून रक्त काढण्याशी आहे. मराठीत 'बिनपाण्याने हजामत' म्हणजे फजिती. एखाद्याच्या कौशल्याचे नाव घेऊन दुसऱ्याचा पाणउतारा करायचा, ही आपली जुनी सवय.

६/
"युरोपात तरी पुरुष स्वतःच करत ना?" करू लागले, पण केव्हा ते पाहा. पॅरिसमधील कातरी-सुऱ्या घडवणारा कारागीर झां-झाक पेरे याने १७६९ साली आपली आपण दाढी कशी करावी हे शिकवणारे पुस्तक छापले. पुस्तक लिहावे लागले यातच उत्तर आले. घरोघरी स्वतः दाढी करण्याची सवय खरी रुजली ती सेफ्टी रेझरने. जिलेटची विक्री १९०३ साली सुरू झाली आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात तो रेझर गेला. तेव्हा आपल्या आजोबांचे स्वावलंबन वस्तऱ्याचे नव्हे, पत्ती बदलायच्या रेझरचे आहे. त्यात कमीपणा काय, हे मला कळत नाही.

७/
वस्तरा कोणाच्या हातात, याहून बोचरा प्रश्न : तो कोणाच्या गालाला लागत नसे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आठवणींत नोंदवले आहे की साताऱ्यात लहानपणी त्यांचे केस थोरली बहीण कापत असे. गावात न्हावी होते, द्यायला पैसेही होते; अस्पृश्य मुलाला हात लावायला कोणी तयार नव्हते. गांधीजींना प्रिटोरियात गोऱ्या केशकर्तनकाराने नाकारले, तेव्हा त्यांनी स्वतःच केस कापले. पण आत्मकथेत त्या माणसाला दोष देण्याऐवजी त्यांनी आठवण करून दिली की आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांची सेवा करू देत नाही. 'करू देत नाही' हे शब्द महत्त्वाचे. नकार न्हाव्याच्या तोंडून येई, धाक बाकीच्या गिऱ्हाइकांचा असे. काकांच्या दुकानापासून काळाराम मंदिर चालत काही मिनिटांवर आहे. तिथला सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्याचे फोटो आपण दरवर्षी टाकतो. देवळाबाहेरच्या खुर्चीचा इतिहास मात्र कोणी टाकत नाही.

८/
याच वस्तऱ्याने विधवांचे केशवपन होई. बाईची इच्छा कोणी विचारत नसे, न्हाव्याचीही नसे. तरीही १८९० साली मुंबईत, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे त्यांनी ठरवले. लोखंडे म्हणजे 'दीनबंधु'चे संपादक आणि १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारणारे सत्यशोधक. सुधारक व्याख्याने देत होते, सनातनी शास्त्रार्थ करत होते. आणि ज्यांची रोजची कमाई त्या पात्यावर होती, त्यांनी ते खाली ठेवायचे ठरवले. मराठी माणसाच्या वस्तऱ्याची शौर्यकथा हवी असेल तर ती ही घ्या. जाहिरातीत ती येणार नाही, कारण तिच्यातून साबण खपत नाही.

९/
प्रतिसादांत कोणी तरी जिवा महाला आणि शिवा काशीद यांची नावे लिहील, हे जाणून आहे. दोघांनाही मुजरा. पण प्रतापगड-पन्हाळ्याच्या दोन नावांपुरता नाभिक समाज आठवायचा आणि साडेतीनशे वर्षे रोज पहाटे धोकटी उचलणारे हात चित्रातून पुसून तिथे स्वतःच्या पणजोबांना उभे करायचे, हा गौरव नाही. परक्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आपले नाव चढवण्यासारखे आहे.

"एवढे काय, छंद आहे!" असेल. वस्तरा जरूर घ्या, मीही घेतला आहे. शिकायला मात्र चित्रफितीकडे न जाता ज्याच्याकडे ही विद्या आहे त्याच्याकडे जा, आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. काका माझ्याकडून घेत नव्हते. चौथ्या सोमवारपासून घेतात. दुकानात ते स्वतः आता अर्धी पत्ती घालायचा वस्तरा वापरतात, गिऱ्हाइकागणिक नवी पत्ती. त्यांचा जुना, सहाणेवर झिजून अरुंद झालेला वस्तरा गल्ल्याच्या खणात कापडात गुंडाळलेला असतो. तो मी एकदा मागितला. नाही म्हणाले.

१०/
सध्याची स्थिती : दोन्ही गाल जमतात, गळा निम्मा. वरच्या ओठाला अजून परवानगी नाही. पुढच्या सोमवारी नवा पट्टा घेऊन जायचे आहे, कारण जुना मीच कापला.