'पानी' म्हणणाऱ्या पोराचा गुन्हा कोणता?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. जागोजागी सत्कार झाले, भाषणे झाली. गोष्ट आनंदाची आहे व आम्हीही त्या आनंदात सामील आहोत. परंतु हा जो गौरव झाला तो कोणाच्या तोंडच्या भाषेचा, असे पाटणच्या डोंगरातील एखाद्या वाडीवरून कोणी विचारले तर त्यास काय उत्तर द्यावे? त्या वाडीवरचे सहा वर्षांचे पोर शाळेत जाते, 'मला पानी पायजे' म्हणते, आणि वर्ग हसतो. असे चारदोनदा झाले म्हणजे ते पोर एक धडा पक्का शिकते. तो हा की, आपण तोंड उघडू नये. पुढे उत्तर येत असूनही ते बोलत नाही, आणि शाळा म्हणते, पोर मंद आहे. पोर मंद नव्हे. त्यास मुके केले गेले आहे.

हेच पोर शेतकऱ्याचे असेल तर कुळव, पाभर, चाडे, रुमणे, जू, शिवळ ही नावे त्यास घरातच कळलेली असतात. सुताराचे असेल तर वाकस कोणता, पटाशी कोणती, हे त्यास विचारावे लागत नाही. चांभाराचे असेल तर रापी कोठे चालते आणि आरी कोठे, हे ते जाणते. शिकविणाऱ्यास यांतले निम्मे शब्द ठाऊक नसतात. तरी अडाणी ठरते ते पोरच! ज्ञान दोघांजवळही आहे. पण एकाच्या ज्ञानास पुस्तकात जागा आहे, दुसऱ्याच्या ज्ञानास नाही, एवढाच काय तो फरक.

आता ही शुद्धता म्हणजे काय चीज आहे, ते जरा तपासून पाहू. १९६२ सालापूर्वी 'नाही', 'काही', 'असे', 'तसे' या शब्दांवर अनुस्वाराचे टिंब न देणारा अशुद्ध लिहिणारा ठरत असे व त्याचे गुण कापले जात. त्या साली मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम सरकारने मान्य केले व उच्चारात नसलेली ती टिंबे गेली. काल जे अशुद्ध होते ते आज शुद्ध झाले! तसेच, जो 'पानी' शब्द आमच्या पोराच्या तोंडी गावंढळ ठरतो, तोच शब्द हिंदीच्या तासाला पुस्तकात शुद्ध म्हणून छापलेला असतो. म्हणजे दोष शब्दात नाही. तो बोलणारा कोण, यावर ठरतो. आणि अभिजातपणाचा पुरावा म्हणून विद्वानांनी पुढे ठेवले काय? महाराष्ट्री प्राकृत व हाल सातवाहनाची गाथासप्तशती. संस्कृत नाटकांत राजा आणि ब्राह्मण संस्कृत बोलत. बायका व चाकरमाणसे यांच्या तोंडी प्राकृत घातलेली असे. त्या काळची जी हलकी मानलेली बोली, तिच्याच बळावर आज मराठीस मोठेपण मिळाले. मग आजच्या बोलीस नाक मुरडण्याचा अधिकार कोणास उरतो?

जोतीराव फुले यांनी हे वर्म फार पूर्वी ओळखले होते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन करताना त्यांनी प्राथमिक शाळांतून मोडी व बालबोध अशा दोन्ही लिप्या, हिशेब, आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे, अशी मागणी केली. शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातूनच निवडावेत, असेही त्यांनी सांगितले. मोडी कशासाठी? तर गावचे दप्तर मोडीत होते, आणि ज्यास मोडी वाचता येत नाही त्यास आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागे. शिक्षक शेतकऱ्यांतला कशासाठी? तर तो पोराच्या बोलण्यास हसणार नाही, म्हणून. या जोतीरावांच्या लिहिण्यातही विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून व्याकरणाच्या चुका काढल्या. पण 'शेतकऱ्याचा असूड' आजही वाचला जातो, तो व्याकरणासाठी नव्हे. त्याच जोतीरावांच्या शाळेतील मुक्ता नावाच्या मांग समाजाच्या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. आपल्या लोकांचे दुःख तिने आपल्या शब्दांत मांडले. तिचे ऱ्हस्वदीर्घ सुधारण्यातच शाळेचा वेळ गेला असता तर तो निबंध झाला नसता.

आमच्या सातारा-सांगलीकडे पाहा. क्रांतिसिंह नाना पाटील रानातल्या माणसाच्या भाषेत बोलत, म्हणून हजारो लोक रात्र रात्र बसून ऐकत. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांचे शाळेत जाणे नाममात्र झाले; तरी १९५९ साली त्यांची 'फकिरा' आली आणि पुढे तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. बोलीने यांचे काही अडले नाही. अडते ते बोलीची लाज वाटू लागली म्हणजे.

आणि ही लाज पुढे महाग पडते. शाळेत ज्याने तोंड मिटले तो कचेरीतही मिटूनच बसतो. कोयना धरणासाठी पाटण व जावळी तालुक्यांतील गावेच्या गावे उठली. त्या वेळी १८९४ चा भूसंपादन कायदा चालू होता. त्यात अशी अट होती की, मोबदला कमी वाटल्यास कोर्टाकडे दाद मागता येईल, परंतु पैसे घेताना 'तक्रार राखून' घेतल्याची नोंद केली असेल तरच. निवाड्याच्या वेळी हजर असणाऱ्यास अर्जाची मुदत होती सहा आठवडे. दोन शब्द लिहिले तर हक्क राहिला. न लिहिता अंगठा उठवला तर गेला! २०१३ च्या नव्या कायद्यातही तक्रार राखण्याची ती अट कायम आहे. हे दोन शब्द काही वेदातले नव्हेत. आमच्या माणसास ते समजले असते. पण त्यास समजेल असे सांगणारा कोणी पाहिजे, आणि न समजल्यास 'पुन्हा सांगा' म्हणण्याची छाती त्याच्याजवळ पाहिजे. ती छाती पहिलीच्या वर्गात तयार होते किंवा तेथेच मोडते.

कोणी म्हणतील, मग पुस्तकी मराठी शिकूच नये काय? इंग्रजी नको काय? आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. पुस्तकी मराठी आली पाहिजे, इंग्रजीही आली पाहिजे. जोतीरावांनी हंटर कमिशनास निवेदन दिले तेही इंग्रजीतच. पण भाकरीबरोबर कोरड्यास असते, भाकरीच्या ऐवजी नसते. घरची भाषा पोटात असली म्हणजे तिच्यावर दुसरी बसते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असेच म्हटले आहे. पहिलीपासूनच न समजणाऱ्या भाषेत घोकंपट्टी करणाऱ्या पोरास धड ही नाही, धड ती नाही, अशी गत होते. आणि आईबापांचे फीचे पैसे जातात ते निराळेच.

तेव्हा शिक्षकांस आमचे सांगणे हे की, पोर 'पानी' म्हणाले तर आधी त्यास पाणी द्या, त्याचे म्हणणे पुरते ऐका, आणि मग 'पुस्तकात असे लिहितात' म्हणून दाखवा. चूक म्हणू नका. ग्रामपंचायतींस सांगणे हे की, फेरफाराची किंवा संपादनाची नोटीस नुसती फळ्यावर डकवू नका. ग्रामसभेत साध्या बोलीत वाचून फोड करून सांगा. आणि शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, तुम्हांस सांगणे हे की, घरात आलेला प्रत्येक सरकारी कागद शाळेत जाणाऱ्या मुलामुलीकडून मोठ्याने वाचून घ्या, अडलेला शब्द विचारा, आणि समजल्याखेरीज सही करू नका. मुलांदेखत आपल्या बोलण्यास 'आपलं गावठी' म्हणून हिणवू नका. बोलणाऱ्याची बोरे विकतात, न बोलणाऱ्याचे आंबे पडून राहतात. ज्या भाषेत आपण शेताचा बांध राखला, चाक फिरवले, लेकरे वाढवली, त्या भाषेत आपला हक्क मागावयास लाज कसली?