भेगाळलेल्या रानातील ओल

सोलापूरकडील भारी काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी वाढते ती पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर. तण नसताना तिसरी कोळपणी कशाला, असे पुष्कळ शेतकरी विचारतात. प्रश्न रास्त वाटतो, पण हिशेब अपुरा आहे.

एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता लागते. पानांतून वाफ निघते तेव्हा पान थंड राहते आणि त्याच रंध्रांवाटे कर्बवायू आत येतो. ते पाणी सत्कारणी लागले. परंतु जमीन भेगाळली की भेगांच्या भिंतीही हवेला उघड्या पडतात व खोलवरची ओल पिकाच्या उपयोगी न पडताच उडून जाते. एका हेक्टरातून 1 मिलिमीटर ओल गेली म्हणजे 10,000 लिटर पाणी गेले! पुढे ओल सरली की रंध्रे मिटतात, पान तापते आणि दाणा बारीक राहतो.

पेरणीनंतर आठव्या आठवड्यात दातेरी कोळपे फिरविल्यास भुसभुशीत मातीने भेगा बुजतात आणि वरचा कोरडा थर खालची ओल राखतो. ही पाळी चुकविणे ही काटकसर महागात पडते. बैलजोडी आता घरोघरी राहिली नाही, हे खरे. तेव्हा चार शेतकऱ्यांनी मिळून एक जोडी ठरवावी व कृषी सहायकांनी त्यात पुढाकार घ्यावा.