शिवणीत विमान नाही, पण टॉवर घरात येऊ शकतो

मंडळी, शिवणी विमानतळाची धावपट्टी वाढायची तेव्हा वाढेल. तोवर पातूरच्या पोरांसाठी एक गोष्ट सांगतो.

‘व्हॅटसिम’ हे २००१ पासूनचं मोफत जागतिक नेटवर्क. कुणी कॉम्प्युटरवर विमान उडवतं, कुणी कंट्रोलर बनून माईकवर त्याला उतरायची परवानगी देतं. वय १३ पूर्ण हवं. शिकवणारे स्वयंसेवक. कंट्रोलरला महागडा गेमिंग कॉम्प्युटरही लागत नाही, साधा चालतो.

पोरखेळ म्हणून हसू नका. खरा कंट्रोलर व्हायला फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग लागतं. लेखी परीक्षेनंतर आवाजाची चाचणी असते. आपली पोरं गणितात कमी नाहीत, इंग्रजीत तोंड उघडायला घाबरतात. इथं रोज ऐकून-बोलून ती भीती मोडते. यानं लायसन्स मिळत नाही, नोकरी तर नाहीच. सराव मिळतो, आणि आपल्याकडं कमी पडतो तो तोच.

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोऱ्यातून प्रवासी विमान सुरू झालं. उद्या टॉवरमधला आवाज वऱ्हाडी पोरीचा का नसावा?

नगर परिषदेनं एका खोलीत दोन कॉम्प्युटर, हेडफोन अन् नेट द्यावं. एका स्वागतकमानीपेक्षा स्वस्तच पडेल. पटलं तर आपल्या नगरसेवकाला विचारा.