लघुत्तम दराचं विमान

आमच्या तालुक्याच्या गावी व्याख्यानमालेत एका विद्वान वक्त्यांनी भर सभेत खिशातून मोबाइल काढला, कॅल्क्युलेटर उघडला आणि भागाकार केला. 59 हजार कोटी भागिले 36. मग मोबाइल उंच धरून म्हणाले, "एक राफेल 1,600 कोटींच्या वर!" टाळ्यांचा कडकडाट. चौथी पास झाल्यापासून भागाकाराला टाळ्या पडलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

वक्त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. त्यांनी दीड तास घेतला, मी दीड मिनिट घेतोय. अन्याय झाला तर तो वेळेचा. एक, विमान ही वस्तू आहे, आणि वस्तू सर्वात कमी भावात घ्यावी. दोन, भारत-फ्रान्स मैत्री हे थोतांड आहे. ते दुकानदार, आपण गिऱ्हाईक, आणि तेच दुकानदार पाकिस्तानलाही माल विकतात. तीन, निविदा न काढता एकाच दारात जाणं म्हणजे लबाडी. चार, आपलं तेजस असताना परक्यांचं विमान हवंच कशाला? आणि सगळ्याचं सार असं, की संरक्षणखात्याच्या खरेदीत परराष्ट्रनीती कालवू नये. वरणात ताक कालवू नये, तसं.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार आधीच सांगून टाकतो. मी विमानात तीनदा बसलोय, तिन्ही वेळा खिडकी मिळाली नाही. पण एका सहकारी साखर कारखान्यात सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळलं. खरेदी समितीपुढे जायचा तुलनात्मक तक्ता मी करत असे. लघुत्तम दर या देवतेची मी अर्धं आयुष्य पूजा केली आहे, त्यामुळे तिचे पाय मातीचे आहेत हे मला वक्त्यांपेक्षा जरा बरं ठाऊक आहे.

एका वर्षी मिलच्या टर्बाइनचा वेग आवरणारा गव्हर्नर घ्यायचा होता. तीन दरपत्रकं आली. जुन्या पुरवठादाराचं सर्वात महाग, एका नव्या कंपनीचं सर्वात स्वस्त. तक्ता मी केला, सही माझी, चेअरमनसाहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. जानेवारीत, ऐन गळिताच्या हंगामात, रात्री अडीचला त्या गव्हर्नरचा व्हॉल्व्ह अडकला. सकाळी फोन केला, तर कंपनी म्हणाली, "ॲडव्हान्स पाठवा, आठ आठवडे लागतील." यार्डात उसाच्या गाड्या उभ्या, बैल रवंथ करतायत, तोडणी मजूर कोप्यांपुढे बसून आहेत, आणि ऊस वाळतोय. वाळलेल्या उसाचं वजन घटतं, आणि घटलेल्या वजनाचा हिशेब शेतकरी चेअरमनला विचारत नाही, काट्यावरच्या माणसाला विचारतो. नऊ दिवस मिल बंद. त्याच हंगामात शेजारच्या कारखान्यात तसाच बिघाड झाला. त्यांच्याकडे महागवाल्याचं यंत्र होतं. त्याचा फिटर रात्रीच्या एसटीनं आला, गोणपाटात गुंडाळलेला स्पिंडल मांडीवर घेऊन. दुपारी मिल सुरू. आमचे वाचलेले अडीच लाख त्या नऊ दिवसांत किती वेळा बुडाले, ते मी अजून मोजलेलं नाही. मोजवत नाही.

माझ्या तक्त्यात दर होता, वाहतूक होती, कर होते. 'यंत्र बंद पडल्यावर कोण येईल' हा रकानाच नव्हता. वक्त्यांच्या मोबाइलमध्येही तो नाही.

आता त्या भागाकाराकडे. 23 सप्टेंबर 2016 ला भारत आणि फ्रान्स या दोन सरकारांत राफेलचा जो करार झाला, त्या सुमारे 59 हजार कोटींत 36 सांगाडे नव्हते. त्यात मिटिऑर आणि स्काल्पसारखी क्षेपणास्त्रं होती, भारताला हवे असलेले बदल होते, सुटे भाग होते, आणि ताफ्यातली किमान 75 टक्के विमानं उडायला तयार असतील अशी पाच वर्षांची हमी होती. म्हणजे त्या आकड्यात फिटरही होता आणि त्याचं एसटीचं तिकीटही. वक्त्यांनी लग्नाचा सगळा खर्च वऱ्हाडाच्या पानांनी भागला आणि म्हणाले, जिलबी फार महाग पडली.

पण माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. लढाऊ विमान विकत घेणं म्हणजे चाळीस वर्षांचं लोढणं गळ्यात बांधून घेणं. मिराज-2000 चा करार 1982 चा, विमानं आली 1985 मध्ये, आणि 2019 च्या फेब्रुवारीत बालाकोटवर गेली ती तीच. या काळात दिल्लीत किती सरकारं आली-गेली, पॅरिसमध्ये किती राष्ट्राध्यक्ष बदलले! टायर, सील, रडारचं कार्ड, इंजिनाचं पातं, सगळं त्याच दारातून येत राहिलं. म्हणून विमान घेताना खरा प्रश्न 'आज कितीला?' हा नसतोच. ज्या दिवशी सगळं जग आपल्यावर रुसेल, त्या दिवशी हा दुकानदार शटर ओढणार की उघडं ठेवणार, हा असतो. याचं उत्तर दरपत्रकात सापडत नाही, इतिहासात सापडतं. आणि तो आपल्या तारापूरपासून सुरू होतो.

तारापूरची अणुभट्टी अमेरिकेनं दिली, इंधनही तीच देणार असा 1963 चा करार. 1974 मध्ये पोखरणला चाचणी झाली. 1978 मध्ये अमेरिकेनं आपला कायदा बदलला आणि करार कागदावर शाबूत असताना इंधनाचा ओघ आटला. 1982 मध्ये ते इंधन पुरवायला पुढे आला तो फ्रान्स. उपकार म्हणून नव्हे, पैसे मोजून घेतले. पण माल आला.

1998 मध्ये हाच प्रयोग पुन्हा रंगला, पात्रं तीच. जानेवारीत फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जाक शिराक दिल्लीत आले आणि दोन देशांनी सामरिक भागीदारी जाहीर केली. मे महिन्यात पोखरण झालं. अमेरिकेनं निर्बंध लादले, जपाननं मदत थांबवली. तेजसच्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परत पाठवलं गेलं. आपल्या नौदलाची सी-किंग हेलिकॉप्टरं ब्रिटनमध्ये बांधलेली, पण अमेरिकी सुट्या भागांपायी तीही अडकली. म्हणजे दुकान एकाचं, कुलूप दुसऱ्याचं. फ्रान्सनं निर्बंधांत सामील व्हायला नकार दिला. वर्षभरात कारगिल पेटलं, आणि इस्रायली लेझर पॉड घाईघाईनं बसवून टायगर हिलवर जे विमान गेलं, ते मिराज होतं. 1998 मध्ये मिराजच्या सुट्या भागांनाही कुलूप लागलं असतं तर? वक्त्यांनी हा भागाकार करून दाखवावा. मोबाइल मी देतो.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण हा वाद आमच्या पिढीनं एकदा हरलेला आहे. 1980 च्या दशकात जर्मन पाणबुड्यांचा करार झाला होता. त्यातल्या दोन, शल्की आणि शंकुल, मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधल्या गेल्या; एक 1992 मध्ये नौदलात आली, दुसरी 1994 मध्ये. पण मध्येच दलालीच्या आरोपांचं वादळ उठलं आणि पुढचं काम थांबलं. आरोपांची चौकशी व्हायलाच हवी होती, चोराला सजाही. आम्ही मात्र चोर शोधता शोधता दुकानच बंद केलं. पाणबुडीच्या दाब सोसणाऱ्या पोलादी नळकांड्याला टाका घालणारा वेल्डर वर्षानुवर्षांच्या सरावानं तयार होतो. पुढची पाणबुडीच नाही म्हटल्यावर तो हात कशावर चालवणार? 2005 मध्ये फ्रान्सबरोबर स्कॉर्पिनचा करार झाला तेव्हा तीच विद्या पुन्हा मुळाक्षरांपासून गिरवावी लागली, आणि पहिली कलवरी नौदलात आली डिसेंबर 2017 मध्ये. सहावी, वागशीर, 2025 च्या जानेवारीत. दलालीच्या त्या वादळात 'संबंध तोडा, बाणेदारपणा दाखवा' म्हणून मोर्चे काढणाऱ्यांत आमचे हे वक्ते होते का, मला ठाऊक नाही. मी होतो. घोषणा चांगल्या होत्या.

बाकीचे आक्षेप लहान आहेत, लहानच उत्तरं देतो.

फ्रान्सनं पाकिस्तानला मिराज विकली, अगोस्टा पाणबुड्याही विकल्या. विकल्या. आपण व्याही शोधत होतो, पतिव्रता नाही.

निविदा न काढता खरेदी? निविदाही काढून झाली होती. 126 विमानांसाठी, 2007 मध्ये. सहा विमानं स्पर्धेत उतरली, 2012 मध्ये राफेल निवडलं गेलं, 2015 मध्ये सगळं गुंडाळलं. आठ वर्षांची निविदा, हाती आलेली विमानं शून्य. इकडे हवाई दलाच्या मंजूर स्क्वाड्रन 42, आणि सप्टेंबर 2025 मध्ये चंडीगडला मिग-21 ला निरोप दिल्यावर उरल्या 29. निविदेच्या फायलीला पंख फुटले असते तर तीही एक स्क्वाड्रन झाली असती.

मैत्रीच्या भरात वाटेल ते गळ्यात मारून घेतो? मग रत्नागिरीतलं जैतापूर आठवा. सहा फ्रेंच अणुभट्ट्या, प्रत्येकी 1,650 मेगावॉट, आणि कित्येक वर्षांच्या वाटाघाटींनंतरही तिथे भट्टी उभी नाही, कारण दर, अपघाताची जबाबदारी आणि तिथल्या लोकांचा विरोध. मैत्री असूनही नाही म्हणता येतं, आणि मैत्री टिकते.

आणि तेजस? मला त्याचा अभिमान आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये नाशिकला बांधलेलं तेजस मार्क-1ए पहिल्यांदा उडालं, तेव्हा आमच्या घरी पेढे आणले होते. पण त्याचं काळीज अमेरिकी आहे. 2021 मध्ये 99 इंजिनांची मागणी नोंदवली, पहिलं इंजिन मिळालं मार्च 2025 मध्ये. वक्त्यांनी ज्याला परक्यांवरचा इलाज म्हटलं, तोच परक्यांच्या इंजिनाची वाट पाहत हँगरमध्ये उभा होता.

आता एक दगड मी स्वतःच वक्त्यांच्या हाती देतो, कारण त्यांना तो सापडलेला दिसत नाही. 1967 मध्ये याच फ्रान्सनं इस्रायलची 50 मिराज अडवून ठेवली. पैसे मोजून झाले होते तरी. तेव्हा फ्रान्स म्हणजे कर्णाचा अवतार, असं माझं म्हणणं नाही. कुठलंच राष्ट्र नसतं. पण इस्रायलनं पुढे काय केलं ते पाहा. त्यांनी निविदा काढली नाही. मिराजच्याच धर्तीची विमानं ते घरी बांधायला लागले. ते जमलं, कारण मैत्रीच्या वर्षांत त्यांनी विमानांसोबत विद्याही उचलून ठेवली होती.

माझं मंडन एवढंच आहे, आणि ते खंडनाइतकं भरघोस नाही हे मलाही दिसतंय. संबंध महाग असतो, त्याची किंमत मोजावी; पण घासाघीस करायची ती एका विमानाच्या दरावर नव्हे, संबंधातून काय घरी येतं त्यावर. एप्रिल 2025 मध्ये नौदलासाठी 26 राफेल-एमचा सुमारे 63 हजार कोटींचा करार झाला. हे विमान 2022 मध्ये गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावर, जहाजासारख्या चढाच्या धावपट्टीवरून उडवून पाहिलेलं. करारात आपली शस्त्रं त्यावर बसवण्याचं तंत्रज्ञान देण्याची आणि इंजिनांच्या दुरुस्तीची सोय भारतात करण्याची कलमं आहेत. राफेलचं धड हैदराबादला बनवायचं ठरलंय. पुढच्या पिढीच्या देशी विमानासाठी फ्रान्सच्या साफ्रानबरोबर इंजिन घडवण्याची दिशाही सरकारनं 2025 मध्ये जाहीर केली. वक्त्यांनी भांडावं ते या कलमांवर. इंजिनाचं पातं इथे ओतलं जाणार की नुसतं इथे पुसलं जाणार? आपलं अस्त्र क्षेपणास्त्र लावायला दरवेळी पॅरिसची परवानगी लागणार की नाही? 2030 पर्यंत नौदलाची विमानं आली, पण दुरुस्तीचा कारखाना आला नाही, तर जाब कुणाला विचारायचा? हे प्रश्न त्यांनी विचारले तर पुढच्या वर्षी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायला मी येईन.

कारखान्यातून निवृत्त होताना माझ्या जागी आलेल्या मुलाला मी एकच गोष्ट शिकवून आलो. तुलनात्मक तक्त्यात दराच्या पुढे पेन्सिलीनं एक रकाना आखायचा: 'रात्री अडीचला फोन कोण उचलेल'. समितीपुढे तक्ता जाण्याआधी तो खोडावा लागतो, कारण नियमात बसत नाही. पण खोडण्यापूर्वी भरायचा. तो मुलगा अजून भरतो म्हणे.