खोलीवर एक वेळ तरी चूल पेटू द्या

पोरांनो, आणि शिफ्ट करून खोलीवर परतणाऱ्या पोरींनो,

रात्री बाराच्या सुमाराला कंपन्यांच्या बस चाकणजवळच्या महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळीच्या कोपऱ्यांवर थांबतात. सेकंड शिफ्ट सुटलेली असते, मेस केव्हाच बंद झालेली असते. उघडी असते ती चायनीजची गाडी. तिथे उभ्याउभ्या काहीतरी खायचं, खोलीवर जाऊन आडवं व्हायचं. सकाळी उशिरा उठून वडापाव आणि चहा. महिना संपत आला की तो वडापावही एकच. घरून फोन आला की मात्र सांगायचं, जेवलो.

मीही हे सांगितलेलं आहे. १९८६ साली तुळजापूरकडच्या गावातून मी भोसरीला आलो. लांडेवाडीत एका खोलीत आम्ही पाच जण. पहिले आठ महिने बाहेरचं खाल्लं. पोट बिघडलं, खाडे झाले, खाड्यांचे पैसे कापले गेले आणि गावाकडची मनीऑर्डर चुकली. आमच्यात एक वयाने मोठे होते, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांनी एका रविवारी परात आणली आणि म्हणाले, बसा, भाकरी शिका. त्या परातीने आम्हाला सावरलं. म्हणून तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. दिवसातून एक वेळ तरी खोलीवर स्वतः शिजवा.

सुरुवात गॅसपासून करा. कोपऱ्यावरच्या दुकानात मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत भरून मिळणारा गॅस घेऊ नका. तसं भरणं बेकायदा आहे आणि त्यात जीव जातात. गॅस कंपन्यांची पाच किलोची अधिकृत टाकी मिळते, इंडियन ऑइलची ‘छोटू’ नावाने ओळखली जाते. ती ओळखपत्रावर मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांसाठीच ती सोय आहे.

भांडी चार पुरेत: तवा, कढई, छोटा कुकर, परात. सामान म्हणजे ज्वारीचं पीठ, बेसन, तांदूळ, मूगडाळ, मटकी, शेंगदाणे, कांदे, लसूण, तेल आणि फोडणीचं साहित्य. चाकणच्या बाजारात कांदा-बटाट्याचे ढीग लागतात. तिथे ‘गोलटी’ मागा. गोलटी म्हणजे लहान कांदा. सोलायला वेळ लागतो, पण भाव कमी आणि चव तीच. तांदळात इंद्रायणीचा तुकडा घ्या. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला हा आपल्याच मावळातला तांदूळ. अख्ख्यापेक्षा तुकडा स्वस्त पडतो आणि खिचडीला उलट जास्त मऊ येतो.

आता रात्री बारा वाजता करायचं जेवण. दोघांसाठी अर्धी वाटी बेसन दोन वाट्या पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. कढईत तेल तापवून मोहरी तडतडू द्या. मग जिरे, ठेचलेला लसूण, मिरची आणि बारीक चिरलेला कांदा टाका. कांदा मऊ झाला की हळद, आणि मग कालवलेलं पीठ हळूहळू ओता. ओतताना हात थांबवायचा नाही, ढवळत राहायचं. मीठ घालून मंद आचेवर झाकण ठेवा. पाचेक मिनिटांत कच्च्या पिठाचा वास जातो आणि कडेने बुडबुडे फुटू लागतात. पिठलं झालं. एका किलो बेसनात असं पिठलं वीसेक वेळा होतं. शेजारी चायनीजच्या वीस प्लेटांचा खर्च मांडून बघा.

भाकरीची भीती घालवा. ज्वारीचं पीठ थोडं थोडंच दळून आणा, कारण जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते. विरी गेलेलं पीठ असेल तर कडकडीत पाण्यात कालवा आणि तळहाताच्या टाचेने भरपूर मळा. पहिल्या दहा भाकऱ्या नकाशासारख्या होतील. आमच्याही झाल्या होत्या, आम्ही त्या खाल्ल्या. अकरावी गोल झाली.

पिठलं-भाकरी हे गरिबीचं जेवण म्हणून त्याची लाज बाळगू नका. धान्यातल्या प्रथिनांत जे कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीत कमी पडतं ते धान्यात मिळतं. म्हणूनच आपल्या आज्यांनी ज्वारीला बेसन, भाताला वरण आणि बाजरीला मटकी जोडली. वरून कच्चा कांदा आणि लिंबाची फोड घ्या. लिंबामुळे धान्य-कडधान्यांतलं लोह अंगी जास्त लागतं. दिवसभर उभं राहून लाईनवर काम करणाऱ्याला याची गरज आहे.

मटकीला तर शिफ्टच सांभाळून घेते. फर्स्ट शिफ्टला निघताना मूठ-दोन मूठ मटकी भिजत घाला. संध्याकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा. दुसऱ्या दिवशी परत याल तेव्हा मोड आलेले असतील. कांदा-लसणाची फोडणी दिली की उसळ तयार. गावाहून येताना आईने बांधून दिलेली शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची चटणी कोरड्या बरणीत ठेवा आणि कोरडाच चमचा वापरा. ज्या दिवशी उभं राहायचं त्राण नसेल, त्या दिवशी भाकरी, चटणी आणि तेलाची धार एवढ्यावर भागतं.

आता उरलेल्याबद्दल. उरलेलं टाकायचं नाही, पण डोळे झाकून खायचंही नाही.

शिळी पोळी किंवा भाकरी हाताने कुस्करा. कांदा, मिरची, हळदीच्या फोडणीत परता, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा आणि वरून शेंगदाण्याचं कूट घाला. हा झाला कुस्करा. ताक मिळालं तर भाकरी त्यात चुरा, मीठ आणि लसूण घाला. उन्हाळ्यात याच्यासारखं दुसरं काही नाही. वरण उरलं तर त्यात पाणी वाढवून उकळा आणि कणकेच्या लाटलेल्या पोळीचे तुकडे कापून सोडा. कुणी याला वरणफळं म्हणतात, कुणी चकोल्या. एका भांड्यात पूर्ण जेवण. पालेभाजीची जुडी निम्मी उरली तर चिरून ज्वारीच्या पिठात आणि बेसनात मळा आणि धपाटे लावा. कोथिंबिरीच्या काड्या, मुळ्याचा पाला यातलं काहीही कचऱ्यात घालू नका.

भाताबाबत मात्र सावध राहा. शिजलेला भात तासन् तास खोलीतल्या उष्णतेत राहिला की त्यात जंतू वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून फ्रीज नसेल तर एका वेळेपुरताच भात लावा. फ्रीज असेल तर दोन तासांच्या आत भात पसरट भांड्यात निववून आत ठेवा, दुसऱ्या दिवशी चांगला वाफ येईपर्यंत परता आणि संपवा. वरण, उसळ आणि अंड्याचंही तसंच. आंबूस वास आला, तार सुटली, की टाकून द्या. दहा रुपयांचं अन्न वाचवायला जाऊन दोन खाडे करू नका. उद्यासाठी काही उरवायचंच असेल तर भाकरी उरवा. ती टिकते.

स्वयंपाक हे बायकांचं काम, असं अजूनही काही जण म्हणतात. जो पोरगा सीएनसीवर शतांश मिलिमीटरचं माप धरतो, त्याला भाकरी थापता येत नाही हे मला पटत नाही. पाळी लावा. फर्स्ट शिफ्टवाल्याने रात्रीची भाजी करायची, सेकंडवाल्याने सकाळी पीठ मळायचं, नाईटवाल्याने बाजार आणायचा. भांडी ज्याची त्याने घासायची. सामानाची एक वही ठेवा आणि महिन्याच्या शेवटी सगळ्यांसमोर हिशेब करा. आमच्या खोलीतली भांडणं त्या वहीनेच थांबली होती.

रोज दोन्ही वेळ जमणार नाही, मला माहीत आहे. ओव्हरटाईम असतो, अंग मोडून आलेलं असतं. कंपनीत कॅन्टीन असेल तर तिथे पोटभर जेवा. पण उरलेली एक वेळ तुमची स्वतःची असू द्या. येत्या सुट्टीला अर्धा किलो बेसन, दोन किलो गोलटी आणि लसूण आणा. खोलीतल्या सगळ्यांना खाली बसवा आणि मधे परात ठेवा. त्या रात्री घरून फोन आला की जे सांगाल, ते खरं असेल.