एकच पराभव

आमच्या पैठणात घोडा दिसतो तो वरातीतला. तरी शर्यतीच्या घोड्यांचा हिशेब मांडण्याची मला भारी हौस, मास्तर ना! स्क्वॉन्डरर १९ शर्यती धावला, १८ जिंकला. इल्युसिव्ह पिंपरनेल २३ धावला, २२ जिंकला. दोघेही रशीद बायरामजींच्या तालमीतले. पण एक १९७० च्या दशकातला, दुसरा नंतरचा. गाठ पडायची कशी? टक्केवारीत फरक एकाचाही नाही! माझे माप पिंपरनेलकडे झुकते. चार शर्यती अधिक धावून त्यानेही पराभव एकच पत्करला. पुण्याचे स्नेही म्हणतात, “मागे कोणकोण राहिले, ते आधी पाहा.” खरे आहे. एका चुकीपायी मी एकदा एका हुशार मुलाचा पहिला नंबर घालवला होता. शेजारचा पेपर किती सोपा, हे पाहिलेच नव्हते.